तोंड पूर्वेला

नोव्हेंबर २००३ मध्ये, सलग सहा रात्रींपैकी पाच रात्री, आमची उभी केलेली गाडी जागच्या जागी उलटी वळली. संध्याकाळी तोंड पश्चिमेला, सकाळी पूर्वेला. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, आणि आत आम्ही दोघं झोपलेलो.

मी असल्या गोष्टी मानत नव्हते. बावीस वर्षं पुण्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर काढली. भानामतीची बातमी आली की मी एकच विचारायची – पाहिलं कोणी? उत्तर 'ऐकलंय' असं आलं की बातमी टोपलीत. म्हणून इथे फक्त पाहिलेलं लिहिते.

माझे पती किसनराव नारायणगावजवळ येडगावला शेती करतात. मी पुण्यात, ते गावी, भेट रविवारी – लग्न झाल्यापासून हेच. त्या वर्षी मी नोकरी सोडली. प्रश्न एवढाच होता की पुण्यातली भाड्याची खोली सोडून येडगावला राहायला जायचं का. मी किसनरावांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, "तुझं तू ठरीव."

आधी आठवडाभर सलग एकत्र राहून बघू, असं मी म्हटलं. नारायणगावला तमाशाच्या फडांच्या गाड्या बांधणारा एक ओळखीचा मेस्त्री होता, बबनभाऊ. त्याने एका जुन्या मिनीबसमधली बाकं काढून पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून दिली. पलंग असा की पडल्या पडल्या पुढच्या काचेतून बाहेरचं दिसावं. जाग आली की समोर समुद्र – माझी मागणी तेवढीच होती.

पहिला मुक्काम दिवेआगरला, एका वाडीत. वाट इतकी अरुंद की गाडी नाकासमोर आत घातली, तोंड समुद्राकडे. सकाळी डोळे उघडले तर समोर गोठा. एक म्हैस काचेतून माझ्याकडे बघत होती.

"अहो, गाडी कधी फिरवलीत?"

"कोन, मी? मी आत्ता उठतोय."

वाडीचे मालक चहा घेऊन आले आणि कपबशी हातात धरून तसेच उभे राहिले. "वहिनी, काल आत घेताना माझ्या दोन पोफळी थोडक्यात वाचल्या. फिरवलीत कुठून?"

वाळूत आदल्या दिवशीच्या, आत येतानाच्या खुणा होत्या. वळल्याच्या नव्हत्या.

दुसरी रात्र हरिहरेश्वर. समुद्राऐवजी खानावळीची मोरी. आता किल्ली मी माझ्या गळ्यात अडकवली. गणपतीपुळ्याला, तिसऱ्या रात्री, चाकं घरंगळू नयेत म्हणून चारही चाकांना दगडांची उटी लावली, टायरवर आणि खाली जमिनीवर खडूने रेघा मारल्या, स्पीडोमीटरवरचा किलोमीटरचा आकडा वहीत लिहिला. सकाळी काचेतून विजेचा ट्रान्सफॉर्मर दिसला. आकडा तोच. उटी चाकांना लागलेली. टायरवरची रेघ जमिनीवरच्या रेघेला जुळत होती, फक्त गाडी उलटी होती. चौथी रात्रही तिथेच काढली, सकाळी पुन्हा तेच. बातमी म्हणून हे मी स्वतः छापलं नसतं.

तिथेच आमचं भांडण झालं.

"घरी जायचंय तर तोंडाने बोला ना! गाडीचं तोंड कशाला फिरवताय?"

"मी न्हाई फिरवली. आन मला घरी जायचंच हाय. कांद्याचं रोप टाकलंय. पर ते येगळं."

"मग ती रोज येडगावकडे तोंड करून कशी उभी राहते?"

किसनरावांनी चहा संपवला. "पुनं बी तिकडंच हाय, शैला. तुझी खोली बी पूर्वेलाच हाय."

रागाने मी दुपारपर्यंत गाडीतच बसून राहिले. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, तेवढ्यात किनाऱ्यावर जाऊन शहाळ्यांचा भाव विचारून आले, आणि तो महाग आहे हे मला येऊन सांगितलं.

तिथून मुंबई. किसनरावांनी मुंबई फक्त बाजारात माल घेऊन जाताना पाहिली होती. गेटवे, म्युझियम, राणीची बाग – सगळं त्यांना दाखवलं. राणीच्या बागेत हत्तीपुढे अर्धा तास उभे राहिले. "ह्याला रोज किती चारा लागत आसंल?" एवढाच प्रश्न. म्युझियममध्ये मला म्हणाले, "तू हितं लई खुश दिसतीस." मी म्हटलं, तुम्हीही दिसताय. "मी पावना हाय. पावनं खुशच आसतं."

रात्री मुलुंडला माझ्या मैत्रिणीच्या सोसायटीत गाडी लावली. पुढे भिंत, मागे एक मोटार, डाव्या-उजव्या बाजूला दोन. सकाळी गाडीचं तोंड पूर्वेच्या गेटकडे होतं. बाकी तिन्ही गाड्या होत्या तिथेच. गेटला आतून कुलूप, वॉचमन खुर्चीत. रात्री मारलेल्या खडूच्या रेघा जुळत होत्या.

मी किसनरावांना म्हटलं, "चुकलं माझं. तुम्ही फिरवत नव्हतात."

"बरं झालं. आता पेपरात छापून आन."

सहाव्या रात्री तिथेच मी मुद्दाम तोंड पूर्वेकडे करून गाडी लावली. ती हलली नाही.

माळशेज घाटाने आम्ही येडगावला आलो. दुसऱ्या दिवशी मला पुण्याला जाऊन घरमालकाला खोलीचा निकाल सांगायचा होता. म्हणून अंगणात गाडी रस्त्याकडे तोंड करून लावली. किल्ली गळ्यातून काढून दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली. जेवताना पुन्हा विचारलं, चौथ्यांदा, की काय करू. पुन्हा तेच, "तुझं तू ठरीव." मी ताटावरून उठले.

सकाळी सहाला गाडीचं तोंड रस्त्याकडेच होतं. मी गावच्या धरणाच्या कडेने फिरायला गेले. आठला परतले तेव्हा तोंड घराच्या दाराकडे होतं. किसनराव ओट्यावर बसून कांद्याच्या रोपाच्या जुड्या बांधत होते.

"गाडी फिरली वाटतं," त्यांनी मान वर न करता सांगितलं.

"आपोआप?"

"तर काय. तू बघितलंयस की, कशी फिरती ती."

बबनभाऊ नंतर दोनदा गाडी तपासून गेला. त्या पाच रात्रींचा उलगडा त्याला झाला नाही, मला नाही, आणि ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनाही नाही.

अंगणातल्या खुणा मी त्याच सकाळी पाहिल्या. पुढे, मागे, पुढे, मागे – टायरच्या स्पष्ट खुणा, आणि तुळशीकट्ट्याची एक वीट निखळलेली. किल्ली खिळ्याला होती, पण उलटी टांगलेली.

महिनाअखेरीला मी पुण्यातली खोली सोडली.