अर्ध्या क्विंटलची लोखंडी कढई

माझ्या मुलीची पाळी वेळेवर यावी म्हणून मी अर्ध्या क्विंटलची कढई बनवली. आज हे वाक्य मी सरळ लिहितो आहे. त्या दिवसांत 'पाळी' हा शब्द माझ्या तोंडातून निघत नव्हता, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

मी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत वेल्डर आहे. टाक्या, गेट, शेड, काय म्हणाल ते जोडतो. प्राची तेव्हा नववीत, शाळेच्या खो-खो टीममध्ये. तिची पाळी दोन-दोन महिने गायब, आणि आली की आठ दिवस मुक्काम. एक दिवस ती प्रॅक्टिसमध्ये चक्कर येऊन पडली. माझी बायको रंजना तिला डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेली. मीही गेलो (बाहेरच्या बाकावर बसायला). पण मॅडमनी मलाही आत बोलावलं.

"या वयात पाळी थोडी मागेपुढे होते," मॅडम म्हणाल्या. मी भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होतो. "पण हिचं रक्त कमी आहे. गोळ्या देते. उपाशी शाळेत पाठवू नका. शेंगदाणे-गूळ, पालेभाजी, तुरीचं वरण, वरून लिंबू. जेवताना चहा नको. तारखा वहीत लिहा. चार-आठ दिवसांत तरतरी आली की खेळू द्या, व्यायाम चांगलाच. आणि जमलं तर भाजी लोखंडी कढईत करा."

एवढ्या यादीतून माझ्या डोक्यात एकच गोष्ट शिरली. लोखंड. ते तर आपलंच खातं! गाडीला किक मारतानाच मी जाहीर केलं, "कढई मी बनवतो. अन् रक्त भरेपर्यंत ग्राउंड बंद."

"बाबा, मॅडमनं तर खेळाले सांगतलं ना. पंधरा दिवसानं जिल्ह्याच्या टीमची निवड हाये."

"कढई येऊ दे."

"निवड वर्षातून एकदाच होते, बाबा."

"म्हनलं ना, कढई येऊ दे."

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये शेषरावला गाठलं. शेषराव आमचा हेडमिस्त्री, आणि आमच्याच वस्तीतल्या विहाराच्या कमिटीचा अध्यक्ष.

"शेषराव, एक कढई करायची हाये."

"कायले?"

आता काय सांगावं! पंचवीस वर्षं एका डब्यात जेवलेला माणूस, पण जीभ उचलेना.

"हाये थोडं काम," मी म्हटलं.

"कितीक जनाची?"

"मोठीच लागते," मी म्हटलं, विषय संपावा म्हणून.

शेषराव माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचे डोळे पाणावले. जयंतीला बाराच दिवस राहिले होते, आणि त्या दिवशी विहारात सगळ्या वस्तीचं भोजनदान असतं. विहाराची जुनी कढई गेल्या वर्षी बुडातून फाटली होती. हे सगळं त्याच्या डोक्यात एकदम जुळलं, आणि माझ्या डोक्यात त्यातलं काहीच आलं नाही.

"समजलं," त्यानं माझा खांदा दाबला. "नाव नाई सांगायचं तुले. मोठ्या मनाचा मानूस हायेस गड्या."

मला वाटलं, किती समजूतदार मित्र! त्यानं टाकीच्या बुडाला लावतो तो गोल खोलगट पत्रा काढला, सहा एमएम जाड. मी म्हटलं, जेवढं लोखंड जास्त तेवढं रक्त जास्त. उचलायला चार कडी जोडली. आमच्याकडे तयार माल रेड ऑक्साइड मारल्याशिवाय बाहेर जात नाही, म्हणून सवयीनं मी तोही मारला. मग आठवलं की यात पालक शिजणार आहे. अख्खा दिवस ग्राइंडरनं तो रंग घासून काढला.

मालवाहू ऑटोतून कढई घरी आली. चौघांनी उतरवली. दारातून ती आत जाईना.

रंजना कमरेवर हात ठेवून उभी. "यात पालक करू का प्राचीले बसवून आंघोळ घालू?"

"बाबा, कढई आली," प्राची म्हणाली. "आता जाऊ ग्राउंडवर?"

"अजून भाजी कुठं झाली यात?"

जयंतीच्या सकाळी शेषराव पाच माणसं घेऊन आला आणि मी काही विचारायच्या आत कढई उचलून घेऊन गेला. मागोमाग आम्ही तिघं. विहारासमोर मांडव, खुर्च्या, माईक. मला पुढच्या खुर्चीवर बसवून गळ्यात हार घातला. "नाव नको म्हनला, पन आम्ही सांगनारच. ही कढई यानं समाजासाठी बनवली!" शेषराव गरजला. टाळ्या पडल्या. माईक माझ्या हातात आला.

आणि मी, नालायक माणूस, म्हणालो, "समाजाचं देणं असते..."

प्राची उठली. माझ्या हातून माईक घेतला.

"ही कढई माह्यासाठी हाये. मले पाळी वेळेवर येत नाई, रक्त कमी हाये. मॅडमनं सकाळी नाश्ता कर, गूळ-शेंगदाणे खा, भाजीवर लिंबू पिळ अन् खेळ म्हनून सांगतलं. मी सगळं करून राह्यली. फक्त बाबा खेळू देत नाई, अन् परवा निवड हाये."

मी हाराच्या फुलांत तोंड लपवलं. मग मागून एक बाई म्हणाली, "कोनत्या मॅडमकडं गेलती वं? माह्या पोरीचं बी असंच हाये." दुसरी उठली, तिसरी उठली. भोजनदान बाजूला राहिलं, बायका प्राचीभोवती गोळा झाल्या. शेषरावनं माईक उचलला. "सूचना. पोट्टी परवा ग्राउंडवर जाईन. बापाचं ऐकून घेतल्या जानार नाई."

बापाचंही आता तेच म्हणणं होतं, पण ते कुणी विचारलंच नाही. प्राची गेली आणि निवडली गेली. मी मैदानाच्या कडेला उभा राहून रडलो.

तीन महिन्यांनी तपासणीला गेलो. प्राचीचं रक्त वाढलं होतं, वहीतल्या तारखाही रांगेत येत होत्या. मी छाती फुगवून म्हटलं, "कढईनं पाळी सुधारली, मॅडम." (आता शब्द निघत होता.)

"कोनती कढई?" रंजना म्हणाली. "ते तर विहारात हाये. मी आईच्या जुन्या लोखंडी तव्यावर करून राह्यली रोज."

मॅडमनी माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, पापणी खाली ओढली आणि माझंही रक्त काढलं. प्राचीचं सुरुवातीला होतं त्याहून कमी निघालं! आणखी दोन तपासण्या लिहून दिल्या आणि विचारलं, "जेवताना चहा घेता?"

"दोन्ही वेळा," मायलेकी एकदम म्हणाल्या.

तेव्हापासून प्राचीनं वहीत माझं पान उघडलं आहे. सकाळी शेंगदाणे-गूळ आणि तिच्यामागे मैदानाला दोन चकरा. जेवताना कपभर चहा मागितला की ती मान वर न करता म्हणते,

"कढई येऊ दे, बाबा."