सणाच्या दिवशीचा उपवास

राग आला की माझा आवाज चिरकतो आणि मला बोलता येत नाही, असं माझा नवरा लोकांना सांगतो. त्या रविवारी गाडीत मी गप्प बसले होते, असंही तो सांगतो. खोटं आहे. मी गप्प बसले नव्हते.

आमचं गायनमंडळ म्हणजे निम्मं आमचंच घर. मोठे दीर कीबोर्ड वाजवतात, चाली लावतात, कोणी कुठे उभं राहायचं तेही तेच ठरवतात. जाऊबाई मुख्य गायिका. नवरा तबल्यावर. मी आणि आमच्या गिरीज गावातल्या आणखी चार बायका मागे साथीला. जाऊबाईंचा आवाज देवाने वेगळाच घडवलाय, हे मी आजही नाकारत नाही. त्यांनी येशूच्या दुःखाचं गाणं घेतलं की मागच्या बाकावरचे गप्पा मारणारे पुरुषसुद्धा टोपी काढून उभे राहायचे. मे महिन्यात गावोगावच्या क्रूसांचे सण, कुणाकडे माळेची प्रार्थना, कुणाच्या नव्या घराचा आशीर्वाद, सगळीकडे आम्हाला बोलावणं असायचं. गाणं झालं की जेवण. कळंबला एका घरी तर जाऊबाईंनी बोंबलाचं कालवण दोनदा मागून घेतलं होतं आणि उरलेलं डब्यात भरून आणलं होतं.

महामार्गाच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक आदिवासी पाडा आहे. तिथलं चॅपेल म्हणजे चार भिंती आणि वर पत्रे. तिथे काम करणारे फादर एकदा आमच्या सरावाला येऊन बसले. गाणी ऐकली आणि जाताना म्हणाले, "आमच्या सणाला कधी कोणी गायला येत नाही. तुम्ही याल का?"

दीर लगेच हो म्हणाले. त्या वेळी मला त्यांचा अभिमान वाटला होता.

सणाच्या सकाळी आम्ही सगळ्या निळ्या साड्या नेसून निघालो. गाडीत जाऊबाईंच्या पायाशी मोठी टोपली होती. आत मैद्याचे तळलेले फुगे, सुकं चिकन आणि पाण्याच्या सीलबंद बाटल्या. मला वाटलं, वाटेत भूक लागली तर असावं म्हणून आणलंय.

पाड्यावर पोचलो तर चॅपेलपुढचं अंगण ताजं सारवलेलं. शेणाचा वास, झेंडूची माळ, आणि दाराशी उभी असलेली पोरंबाळं. चॅपेलची देखभाल करणारी बाई पुढे आली. साठीची असेल. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हात चुलीच्या धुराने काळवंडलेले. तिने आमचे सगळ्यांचे हात एकेक करून धरले. जाऊबाईंनी आपला हात चटकन सोडवून घेतला. ते मी पाहिलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

फादरांनी मिस्सा अर्पण केली, गाणी झाली. इतकं चांगलं आम्ही फार दिवसांत गायलो नव्हतो. पत्र्यांमुळे आवाज घुमत होता. शेवटच्या गाण्याला पाड्यावरच्या बायका टाळ्या वाजवत उठल्या आणि आमच्याभोवती फेर धरून नाचायला लागल्या. त्यांना चाल येत नव्हती, शब्द येत नव्हते, तरी त्यांनी ते गाणं आपलं करून टाकलं. फादरांचे डोळे भरून आले. दिरांनी फोन काढून सगळं टिपून घेतलं.

मग त्या बाईने पळसाच्या पत्रावळी मांडल्या. पहाटेपासून रांधलं होतं. भात, गावठी कोंबडीचा रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी. कोंबड्या कुणाकुणाच्या अंगणातल्या होत्या ते एक म्हातारा कौतुकाने सांगत होता.

"चला, बसा आता," बाई म्हणाली. "पानी भरून ठेवलंय, हात धुवा."

जाऊबाई गोड हसल्या. गाताना हसतात तशाच. "नको हो, आमचा आज उपवास आहे."

सणाच्या दिवशी. रविवारी, जेव्हा आमच्यात उपवास धरतच नाहीत. अजून मिस्सेची मेणबत्ती विझली नव्हती, तिथे उभं राहून.

बाईने विचार केला. तिला ते खोटं वाटलंच नाही. "सगल्यांचा उपास? मंग मी रताली उकडते. आताच खनून आनते, वेल नाय लागायचा." आणि तिने खरंच कुदळ उचलली.

"नको, नको, उशीर होतोय," दीर म्हणाले आणि गाडीकडे चालू लागले. मागोमाग सगळे. माझा नवरा तबले उचलत माझ्याकडे बघत होता, चल म्हणून. मी चप्पल काढली आणि पत्रावळीपुढे मांडी घालून बसले.

"माझा उपवास नाही," मी म्हटलं.

बाई क्षणभर माझ्याकडे, मग गाडीकडे बघत राहिली. तेव्हा तिला कळलं. तिचा चेहरा उतरला नाही. तिने कुदळ भिंतीला टेकवून ठेवली आणि मला भात वाढला. मांडलेल्या बाकीच्या पत्रावळी तिने एकावर एक रचून आत नेल्या. मी जेवले. रस्सा झणझणीत होता आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते तिखटाचं आहे असं मी त्यांना भासू दिलं. गाडीचा हॉर्न वाजत होता. मी भाकरी पुरी संपवली, मगच उठले.

पाड्यापासून थोडं पुढे, चिंचेच्या झाडाखाली, दिरांनी गाडी थांबवायला सांगितली. टोपली उघडली. फुगे वाटायला सुरुवात झाली.

"उपवास सुटला का?" मी विचारलं.

जाऊबाईंनी एक फुगा माझ्यापुढे धरला. "घे. अन्नावर राग काढू नये."

"मी जेवून आलेय, ताई."

"पाहिलं आम्ही. उद्या पोट बिघडलं की कळेल. माझं पोट नाजूक आहे, तुला माहितीये."

"कळंबला दोनदा कालवण घेतलंत तेव्हा नाजूक नव्हतं?"

"ते लोक वेगळे."

"कसे वेगळे?"

दीर मध्ये पडले. "पुरे. सगळं तोंडाने बोलून दाखवायलाच हवं का? आपलं मूळ काय, त्यांचं काय. आपण गायला आलो, हेच पुष्कळ झालं."

हेच पुष्कळ! माझा आवाज चिरकला असेल, पण मी बोलले. म्हटलं, भाऊजी, आत्ता त्याच लोकांच्या रांगेत उभं राहून तुम्ही ख्रिस्तशरीर घेतलंत. फादरांच्या हातची भाकर चालते, त्या बाईच्या हातची चालत नाही? आपल्या वाडवडिलांच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडून शतकं लोटली, सभेत छाती पुढे काढून आपण सांगतो की आमच्यात जातपात नाही, मग ही कुठून आली? टोपलीत भरून आणली?

साथीच्या बायका खाली बघत होत्या. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो फुगा खात होता.

दोन दिवसांनी दिरांनी त्या फेराचा व्हिडिओ फोनवर सगळ्यांना पाठवला. वर लिहिलं होतं, 'पाड्यावरील बांधवांसोबत प्रेमाचा एक दिवस'. खाली हात जोडल्याची, लाल हृदयाची चिन्हं पडत राहिली. परदेशातल्या नातेवाइकांनीही लिहिलं, धन्य तुम्ही. मी तो फोन भिंतीवर आपटायचा बाकी ठेवला.

पुढच्या सरावाला मी सगळ्यांसमोर सांगितलं, त्या पाड्यावर पुन्हा जाऊ, त्या बाईची माफी मागू आणि तिच्या घरी जेवू. नाहीतर मी गाणार नाही.

"गाणं वेगळं आणि जेवण वेगळं," दीर म्हणाले.

"मग मी वेगळी," मी म्हटलं आणि गाण्यांची फाईल बाकावर ठेवून बाहेर पडले. मला वाटलं होतं, निदान एखादी बाई मागून येईल. कोणी आलं नाही. त्यातली एक पुढे बाजारात भेटली तेव्हा हळूच म्हणाली, "तुझं बरोबर होतं गं." मला तिचाही राग आला. बरोबर होतं तर बाजारात का सांगतेस?

पाड्यावरच्या पुढच्या सणाला मंडळाला बोलावणं आलं. दीर म्हणाले, तारीख जमत नाही. मी एकटीच बस पकडून गेले, उरलेली वाट पायी. ना कीबोर्ड, ना तबला. त्या बाईने मला पुढे उभं केलं आणि म्हणाली, "तू सांग, आमी म्हनतो." माझा आवाज साथीचा आहे, एकटीने पेलवत नाही, दोन ठिकाणी सूर पार निसटला. त्यांनी तो तसाच निसटलेला उचलला आणि जोरात म्हटलं. तेव्हापासून मी जाते. जमेल तसं शिकवते, जमेल तसं शिकते. त्यांची स्वतःची गाणी आहेत, देवाची, पावसाची, भाताची, ती माझ्या जिभेवर अजून नीट बसलेली नाहीत.

नवरा अजून मंडळात तबला वाजवतो. मला बसथांब्यावर सोडायला मात्र येतो. पुढे येत नाही. विचारलं तर म्हणतो, "दादाला काय वाटेल?" जाऊबाईंचं आणि आमचं घर एकाच वाडीत, मध्ये फक्त केळीची रांग. लग्नात, मयतात बोलतो तेवढंच. सकाळी त्या रियाज करतात तो मला ऐकू येतो. आवाज तसाच आहे, काळजाला हात घालणारा. मी खिडकी लावून घेते.

नाताळापूर्वी मी आमच्या चर्चमध्ये पापकबुलीला गेले. जावेचा राग धरलाय, असं सांगितलं. तिथले फादर म्हणाले, "तिला क्षमा कर."

मी म्हटलं, "फादर, माझं तिने काही बिघडवलेलं नाही. मी कोण तिला क्षमा करणार?"

जाळीपलीकडून त्यांनी प्रायश्चित्त म्हणून तीन 'नमो मरिया' प्रार्थना म्हणायला सांगितल्या. मी बाकावर जाऊन गुडघे टेकले आणि म्हटल्या. राग तसाच घेऊन घरी आले.