शिवणी बाहेर ठेवलेलं जॅकेट

परीक्षेसाठी कपडा एखाद्या नव्या इमारतीवरून बेतायचा होता. मी निवडली आदिलाबादची बिनगिलाव्याची इमारत. काँक्रीट उघडं, त्यावर साच्याच्या फळ्यांचे वळ तसेच. माय ती बघून म्हणाली होती, "बाप्पा! मिस्त्री काम सोडून पयाला का काय?" मला मात्र तीच आवडली. जाड राखाडी सुती कापडाचं जॅकेट मी हातानं शिवलं आणि सगळ्या शिवणी मुद्दाम बाहेर ठेवल्या.

तेव्हापासून जीव टांगणीला लागला. शिवणवर्गाची ही शेवटची परीक्षा. पहिली येईल तिलाच हैदराबादला पुढं शिकायला जागा. नाही तर घरी बसून ब्लाऊजना हुक लावायचे आणि येतील ती स्थळं बघायची. भीतीनं मी एक बाही दोनदा उसवली.

परीक्षेच्या सकाळी जॅकेटची घडी घालायला गेले, तर समोरच्या पट्टीवर पिवळा ठिपका. हळद! नवा कपडा हळदीचं बोट लागल्याशिवाय आमच्या घरातून बाहेर पडत नाही, हे ठाऊक होतं. पण असं दर्शनी बाजूला?

"माय, हे काय करून ठेवलं वं!"

"आतूनच लावली ना पोरी, कोनाले दिसू नये म्हनून. शिवनी तिकडंच व्हत्या."

माझं धाबं दणाणलं. घाईघाईत साबण चोळला आणि ठिपका लालभडक झाला. हळदीला साबण लावत नाहीत, एवढीही अक्कल उरली नव्हती. मग मायला तोंडाला येईल ते बोलले. तरी आमच्या तलमडुगूहून सुटणाऱ्या बसमध्ये ती माझ्याआधी चढून बसली.

परीक्षक मॅडम हैदराबादच्या, सगळं इंग्रजीतून. त्यांनी नेमकं डागावरच बोट ठेवलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत खरं ते सांगून टाकलं: माझी आई अडाणी आहे, तिला हीच आतली बाजू वाटली. मॅडम खदखदून हसल्या. वर्ग हसला. मागच्या बाकावरची माय, काही न कळता, पदर तोंडाला लावून हसली. सुटले एकदाची, असं वाटून मीही हसले.

पहिली आले. जागा मिळाली.

परतीच्या बसमध्ये मायनं विचारलं, "मॅडम काऊन हासल्या वं?"

"जॅकेट आवडलं त्यायले."

"मंग माही हळद फुकट नाई गेली," ती म्हणाली. केवढी खूश होती! गाव येईपर्यंत तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.