आबा फोन उचलून गप्प का राहतात

मुलांनो,

मागच्या रविवारी धाकट्याने मला विचारलं, "आजी, तुमचा फोन बिघडलाय का? आबा उचलतात आणि काहीच बोलत नाहीत. मी हॅलो हॅलो करत बसतो." लगेच मागून तुमच्या आईचा आवाज आला की येत्या सुट्टीत ती नवा फोन घेऊन येईल. मी बरं म्हटलं आणि विषय बदलला. पण तेव्हापासून ते मनात राहिलंय. फोन बिघडलेला नाही. काय झालं होतं ते एकदा सांगून टाकावं, असं मी तुमच्या आबांना म्हटलं. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. पेपर वाचत राहिले. त्यांचं 'नाही' मला चांगलं ओळखू येतं. ते हे नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

आधी आबांच्या नोकरीबद्दल. तुम्हाला एवढंच माहीत आहे की ते इंजिनिअर होते. त्यांची बरीचशी नोकरी चोरखमाऱ्याच्या तलावावर आणि त्याच्या कालव्यांवर गेली. धानाला पाणी कधी सोडायचं, कोणत्या बाजूला किती जाऊ द्यायचं, हे त्यांचं काम. आमच्या क्वार्टरमध्ये सरकारी फोन होता आणि तो वाजला की आबा ताटावरून उठायचे. मी चिडायचे. आधी घास तरी संपवा, म्हणायचे. पण तिकडून कोणीतरी ओरडत असायचा, "साहेब, फुटला जी कालवा! बांध्या वाहून चालल्या!" बांध्या म्हणजे धानाची खाचरं. आबा त्याचं नाव विचारत नसत. कुठे फुटला एवढंच विचारायचे आणि वरचं गेट पाडायला, म्हणजे बंद करायला, माणूस पिटाळायचे. कोणी फोन केला, खरा की खोटा, कालवा आपोआप फुटला की कोणी रागाने फोडला, हे सगळं मागाहून. आधी पाणी बंद. फोन उचलला नाही असं त्यांच्या हातून कधी झालं नाही.

निवृत्त झाल्यावर आम्ही तिरोड्याला घर बांधलं. सरकारी फोन गेला, मोबाइल आला, सवय तीच राहिली. पेन्शनच्या बँकेतूनही अधूनमधून फोन यायचा. पेन्शन घेणाऱ्याला दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असं लिहून द्यावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. आमची शाखा लहान, खिडकीवरचा बाबू ओळखीचा. कोणाचा दाखला राहिला की तो स्वतः फोन करायचा, "साहब, आप रह गए." त्यामुळे बँकेतून फोन येणं आमच्याकडे नवलाचं नव्हतं.

तुम्ही दोघं लहान होतात तेव्हाची गोष्ट. त्या मे महिन्यात आम्ही तुमच्याकडे यायचं ठरलं होतं. पासपोर्ट आले होते. तिकिटांसाठी आबांनी एक ठेव मोडून पैसे पेन्शनच्या खात्यात आणून ठेवले होते. मी सामानाला चिठ्ठ्यासुद्धा लावल्या होत्या, कोणत्या पिशवीत काय, कोणासाठी काय.

होळी जवळ आली होती. दुपारी मी मागच्या अंगणात धुतलेली लाखोळीची डाळ उन्हात पसरत होते. घरातून आबांचा आवाज आला. घरातला नेहमीचा आवाज नव्हे, साहेबाचा. मोठा, तुटक, घाईचा. निवृत्तीनंतर तो आवाज मी ऐकलाच नव्हता. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. कोणीतरी जुना माणूस सल्ला विचारत असेल, असं वाटलं.

"अभी भी चालू है क्या?" आबा विचारत होते. "तो पहले बंद करो! बाकी बाद में देखेंगे. हां, बोलता हूं, लिखो!"

मग मला हाक आली, "अगं, चष्मा आण माझा, लवकर!"

मी ओल्या हातांनी चष्मा नेऊन दिला. त्यांच्या हातात बँकेचं कार्ड होतं. फोन कानाचा काढून त्यांनी डोळ्यांसमोर धरला, त्यावर आलेला आकडा मोठ्याने वाचला आणि पुन्हा कानाला लावला. मी खुणेने विचारलं, काय झालं? त्यांनी हात वर करून मला थांबवलं. हा हातही जुनाच.

शेवटी म्हणाले, "हो गया बंद? शाबास. खाना खाया क्या, बेटा? अब खा लो." आणि फोन ठेवला.

मग मला समजावून सांगितलं. बँकेच्या फसवणूक थांबवणाऱ्या विभागातून फोन होता. दिल्लीत कोणीतरी आपल्या कार्डावर खरेदी करत होतं. पैसे जात होते, जात असतानाच या मुलाने पकडलं. कार्डावरचे आकडे दिल्याशिवाय त्याला बंद करता येत नव्हतं. "बिचारा जेवायच्या वेळी कामावर होता," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. मोठं नुकसान टळलं की तो तसा व्हायचा.

फोनवर एकामागून एक संदेश आले होते. इंग्रजी म्हणजे माझा प्रांत, म्हणून त्यांनी फोन माझ्याकडे दिला. अख्खी नोकरी मी मुलांना इंग्रजी वाक्यं तपासून दिली. त्या संदेशांत एकही चूक नव्हती. आकडा कोणालाही सांगू नका, बँक तो कधीही विचारत नाही, हे अगदी शुद्ध इंग्रजीत लिहिलेलं होतं. आबांनी आकडाच तेवढा वाचला होता. पुढच्या संदेशांत खात्यातून काय काय गेलं ते होतं. मी ते मनातल्या मनात वाचले, मग मोठ्याने. मोठ्याने वाचताना आबा खाली बसले.

त्यापुढचं सगळं आता मला एकाच लांब दिवसासारखं आठवतं. बँकेत गेलो. बाबू म्हणाला, "साहब, नंबर तो आपने खुद बताया ना? फिर हम क्या करें?" त्याने अर्ज घेतला. पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या शिपायाने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "आजोबा, इतके शिकलेले तुम्ही. अनोळखी माणसाला कार्डाचा नंबर सांगतात का?"

आबा म्हणाले, "कालवा फुटला असा फोन आला तर तुम्ही आधी गेट पाडाल की त्याचं नाव विचाराल?"

शिपायाला काही कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी अर्जाचा कागद पुढे केला. मग गोंदियाला जा म्हणाले, गोंदियाला गेलो. तिथे मूळ प्रत आणा म्हणाले. उन्हाळा लागला होता. मी सगळ्या कागदांची पिशवी नीट लावलेली होती, प्रत्येक ठिकाणी हवा तो कागद पहिल्याच हाताला निघायचा, आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. काही महिन्यांनी आम्ही जाणं सोडून दिलं. कंटाळलो होतो, हे एवढंच कारण.

तुमच्या आईला काय सांगायचं? आबा म्हणाले, तिला कळलं तर ती पैसे पाठवेल. ते त्यांना सहन झालं नसतं. मग मी फोनवर सांगितलं की आबांचा गुडघा दुखतोय, डॉक्टर प्रवास नको म्हणतात. मोठीने तेव्हा फोनवर रडून घेतलं होतं. तिला आठवत असेल.

आता दर रविवारी तुमची आई पहिला प्रश्न विचारायची, "बाबांचा गुडघा कसा आहे?" आबांना खोटं बोलता येत नाही. एकदोनदा हूं हूं केलं आणि फोन माझ्या हातात दिला. पुढे पुढे रविवारी फोन वाजला की ते अंगणात जाऊ लागले. मग कोणताच फोन उचलेनासे झाले. तुमचा फोन येतो तेव्हा पडद्यावर कधी लांबलचक नंबर दिसतो, कधी काहीच नाही. खरा फोन कोणता आणि खोटा कोणता हे बघून ओळखायला येत नाही. मी कामात असले की फोन वाजून वाजून थांबायचा आणि ते समोर बसून त्याच्याकडे बघत राहायचे. मला भीती होती ती पैशांची नव्हती. पैसे गेले ते गेले. तुम्ही दोघं मोठे होत होतात आणि आबांचा आवाज तुमच्या कानांतून जात होता. ते हळूहळू तुमच्यासाठी फोटोतले होऊन जातील, ही भीती होती.

कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्याच्या बांध्या होत्या तो एक शेतकरी अजून आमच्याकडे येतो. नव्या धानाचे पोहे घेऊन आला तेव्हा दारातूनच भांडायला लागला.

"काऊन जी साहेब, फोन काऊन नाही उचलून राहिले? चार दिवसांपासून लावून राहिलो मी! मले वाटलं गेले का काय."

"काम काय होतं?" आबांनी विचारलं.

"कामाचं कायले? पोहे कुटले म्हनून सांगाचं होतं. आमचं पानी तुटलं तवा मी तुमाले अर्ज लिहून फोन करत होतो का?"

आबा हसले. पण दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा पुन्हा जागचे हलले नाहीत.

आणि नोव्हेंबर गेला. मी दाखल्याची आठवण केली होती, ते जाऊ जाऊ म्हणत राहिले. त्या बँकेची पायरी त्यांना चढवत नव्हती. बाबूने नेहमीप्रमाणे फोन केले असणार. कोणी उचलले नाहीत. पुढच्या महिन्यात पेन्शन आली नाही.

मी त्यांना हाताला धरूनच नेलं म्हणा ना. बाबू त्यांना पाहून खुर्चीतून अर्धा उठला. "अरे साहब! कितने फोन किए आपको! हमको तो लगा..." पुढचं त्याने गिळलं.

"जिवंत आहे मी," आबा म्हणाले.

"वो तो मैं देख रहा हूं साहब. पर कम्प्यूटर को भी दिखाना पडता है ना. यहां साइन कीजिए."

आबांनी सही केली. नेहमीसारखी, पूर्ण नावाची, खाली रेघ. बाबूने चहा मागवला. परत येताना ऑटोत ते बराच वेळ बाहेर बघत होते. स्टेशनजवळ फाटक बंद होतं, तिथे थांबलो तेव्हा म्हणाले, "फोन उचलला नाही तर माणूस मेला असंच लोक समजणार. त्यांचं काय चुकलं?" मालगाडी लांब होती.

त्या रविवारी मी स्वयंपाकघरात होते. फोन वाजला. मी हात पुसून येईपर्यंत वाजणं थांबलं होतं. आबांनी तो उचलला होता, कानाला लावला होता, आणि गप्प बसले होते. तोंड घट्ट मिटलेलं. पलीकडचा कोण ते त्याने आधी सांगावं, म्हणून वाट बघत होते. मीही दारातच थांबले. घरात एवढी शांतता होती की पलीकडचा बारीक आवाज मलाही ऐकू आला.

"आबा, माझा दात पडला."

तो धाकटा होता. त्याला आता आठवणार नाही.

आबा ताठ बसले. "कुठला? वरचा की खालचा?" साहेबाचा आवाज होता. "आपोआप पडला की तू पाडलास? रक्त थांबलं का? आईला सांगितलंस?"

मी स्वयंपाकघरात परत गेले. भाजी करपली होती. तशीच वाढली.

तेव्हापासून त्यांची ही पद्धत झाली आहे. प्रत्येक फोन उचलतात, आणि आधी बोलत नाहीत. ते फसवणारे लोकही अजून फोन करतात, कधी बँकेतून म्हणून, कधी कार्डवाल्यांकडून म्हणून. त्यांना गप्प राहणं जमत नाही. त्यांचं "हॅलो सर" आलं की आबा फोन खाली ठेवतात. रागावत नाहीत. मी विचारते, कोण होतं? ते म्हणतात, कोणी नाही.

गुडघा चांगला आहे, तो कधी दुखलाच नव्हता. तुमच्या आईला हेही वाचून दाखवा. ती रागावेल, तिला रागावू द्या. पैसे मात्र पाठवू नको म्हणावं, आणि नवा फोनही आणू नको. हा चांगला चालतो. तुम्ही फक्त हॅलो हॅलो करू नका. आधी आबा म्हणा.