लोहचुंबकाला चिकटलेला पत्रा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. आज तुम्हाला का सांगतोय, कोण जाणे. हल्ली दुपारी डोळा लागला की काचेचं एक भांडं समोर येतं. गुळाच्या पाण्यासारखं तांबूस पाणी, आणि तळाशी तीन तुकडे, गाढ झोपलेले.

लोणी देवकरच्या आमच्या कारखान्यात खाऱ्या पाण्याच्या टाक्या बनतात. आलेला स्टीलचा पत्रा तपासणं माझं काम. तपासणं म्हणजे काय — खिशातलं लोहचुंबक लावायचं. चिकटलं नाही तर माल अस्सल, चिकटलं तर खोटा. आम्ही सगळे असंच करायचो.

पत्रा पुरवायचे डाळजचे अमीनचाचा. एकदा त्यांनी नव्या जातीचा आणला, डुप्लेक्स म्हणून. चुंबक चटकन चिकटलं. मी सगळ्यांसमोर हसलो — "चाचा, आता आम्हालाच टोपी घालता?"

"साहेब, ह्यो येगळा माल हाय. खाऱ्यात ठिवून बघा, मग बोला."

त्यांच्या हातातला मालाच्या तपासणीचा कागदही मी वाचला नाही. टेम्पो तसाच परत गेला.

एक तुकडा मात्र मी ठेवून घेतला होता. तो आणि आमच्या नेहमीच्या दोन पत्र्यांचे, तीनशे चार आणि तीनशे सोळा नंबरच्या, तुकडे मी फेरिक क्लोराइडच्या, म्हणजे खाऱ्याहून कितीतरी जहाल अशा, पाण्यात सोडले. खारं पाणी स्टीलला वरवर गंजवत नाही, बारीक भोक पाडून आत शिरतं. तीन दिवसांनी पाहिलं — तीनशे चारची चाळण झालेली. तीनशे सोळा, आमचा भारीतला, टाचणीनं टोचल्यासारखा. आणि चाचांचा? चुंबकाला चिकटणारा असूनही कोरा करकरीत.

मी काय केलं? भांडं धुतलं. कुठं नोंद केली नाही. तेव्हा चाचांचं दुकान चालू होतं, हे मला माहीत होतं. माझं ते हसणं तोवर औद्योगिक वसाहतभर पोचलं होतं. त्यांचा माल कुणी घेईना, आणि वर्षाच्या आत दुकान बंद झालं. मला लाज वाटत होती, पण माझी खुर्ची जास्त प्यारी होती.

पुढं एकदा हायवेला त्यांच्या पेरूच्या गाडीवर गेलो. चाचांनी पेरू कापून मीठ लावून दिला, आणि सहज विचारलं, "साहेब, त्यो पत्रा ठिवला हुता का वो पाण्यात?"

"राहूनच गेलं, चाचा."

"मग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

तो तुकडा तेव्हा माझ्या खिशात होता. त्यांना द्यायलाच मी गेलो होतो.