सहा सेकंदांचे साहेब

साहेब, नमस्कार वगैरे राहू द्या. तुमचं निरोपाचं भाषण चालू असताना लोक का हसत होते, हे तुम्ही तीनदा विचारलंत. कुणी सांगितलं नाही. मी सांगते. तुम्हालाच हसत होते.

एवढं लिहून ट्रेसरबाईंना फार बरं वाटलं.

ट्रेसरबाई म्हणजे मोजणी कार्यालयात नकाशे गिरवणाऱ्या. मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवून शाईनं रेघ ओढायची. नदी असो की कुणाच्या अंगणाची हद्द, सव्वीस वर्षांत बाईंची रेघ थरथरली नाही. मग संगणक आले. साहेबांनी बाईंचं नकाशे गिरवायचं उतरतं टेबल जिन्याखाली टाकलं आणि त्यांना आवक-जावक रजिस्टरावर बसवलं.

त्या हाताला उरला एक खेळ. जेवणाच्या सुट्टीत सगळे ब्राउझरमध्ये खेळायचे: अरुंद, वाकड्यातिकड्या गल्लीतून माउसचा बाण कमीत कमी वेळात न्यायचा, भिंतीला लागला की संपलं. निकाल भोजनखोलीच्या भिंतीवर, मोठ्या पडद्यावर झळकायचा. बाई एकतीस सेकंद. जवळपास कुणी नाही.

एका सोमवारी पडद्यावर सगळ्यांच्या वर साहेब. सहा सेकंद!

"बाई, हाताचं कौतुक पुरे आता," साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. "इथंही मागे पडलात की!"

सहा सेकंदांत त्या गल्लीतून नुसती नजरही फिरत नाही. बाई सहीच्या निमित्तानं साहेबांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी गल्लीच्या तोंडाशी टिचकी मारली, बाण खेळाच्या चौकटीबाहेर काढला, बाहेरच्या बाहेर फिरवून थेट शेवटाशी आत घुसवला. चौकटीबाहेरचं खेळाला दिसतच नव्हतं. एवढीच काय ती विद्या!

बाईंनी कागद पुढे केला. सही घेतली नि परतल्या.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी साहेबांनी लांबचा चष्मा पुढे केला. दांडी लटकत होती. "चष्म्याचं दुकान तुमच्या वाटेवरच आहे ना? उद्यापर्यंत होईल?"

"होईल की, त्यात काय!" बाईंनी चष्मा रुमालात गुंडाळून खणात ठेवला आणि किल्ली फिरवली.

दुसऱ्या दिवशी भोजनखोलीत साहेब जवळचा चष्मा लावून, दोन्ही हातांत कागद धरून भाषण वाचत होते. "मी आयुष्यात कधी आडवाट धरली नाही..." कोपऱ्यातल्या संगणकाशी बाई बसल्या. खेळ नाव विचारायचा, पण कुणाचं लिहिताय ते बघायचा नाही. बाईंनी लिहिलं, 'साहेब'. बाण बाहेरून नेला. चार सेकंद. पुन्हा. तीन. दोन. एक.

ऐकणाऱ्यांची एकेक मान मागच्या भिंतीवरच्या पडद्याकडे वळली.

"भाषण तोंडानं आणि खेळ पायानं!" शिपाई शेजाऱ्याच्या कानाला लागला. खोली फिस्सकन हसली.

"काय झालं? काय आहे तिथं?" साहेब डोळे बारीक करून बघत राहिले. त्यांना पडद्याच्या जागी नुसता उजेड दिसत होता.

"काही नाही साहेब, चालू द्या तुमचं," बाई म्हणाल्या.

दया आली का? नाही आली. म्हणून तर पत्र. चष्मा दुरुस्त करायचा आणि पत्र त्याच्याबरोबर साहेबांच्या घरी पोचवायचं, असं बाईंनी ठरवलं होतं. काम एका स्क्रूचं. दुकान सातला बंद होतं आणि बाई रोज साडेसहाला त्याच्यासमोरून जातात. चष्मा अजून खणातच आहे, आणि घडी घातलेलं पत्र त्याच्याखाली.