लग्नपत्रिकांच्या पाठीवरचे शब्द

केदारखेड्यात लग्नाची पत्रिका आली की घरची मोठी माणसं तारीख बघायची आणि आम्ही शाळेतली पोरं कागदाची जाडी बघायचो. जाड असली की ती जगन्नाथ सरांकडे पोचलीच म्हणून समजा. एकदा चुलत्याच्याच लग्नाची पत्रिका मी लग्नाच्या चार दिवस आधी सरांना नेऊन दिली. मुहूर्त किती वाजताचा यावरून घरात जो गोंधळ झाला, त्यात माझ्या पाठीत दोन धपाटे बसले. त्याचं मला अजून वाईट वाटत नाही.

सर आम्हाला आठवी ते दहावी मराठी शिकवायचे. पत्रिका कापून तिच्या कोऱ्या पाठीवर ते शब्दांचे भाग लिहायचे. गणपतीच्या चित्राला कात्री लावायची नाही हा नियम. तेवढा भाग वेगळा काढून ठेवायचा, बाकी सगळ्याचे तुकडे. एका तुकड्यावर ‘वाद’, म्हणजे बोलणं. इतरांवर सं, वि, अनु, प्रति. सर ‘वाद’ टेबलावर ठेवायचे आणि त्याच्याआधी लावायचा तुकडा आम्ही ढिगातून शोधून आणायचा. सं लावला की मिळून बोलणं, वि लावला की भांडण, अनु लावला की एकाचं बोलणं दुसऱ्या भाषेत मागोमाग बोलणं. शब्द पाठ करू नका, उघडून बघा, असं ते रोज सांगायचे. त्यामुळे खताच्या पोत्यावरचा किंवा तहसीलच्या नोटिशीतला कितीही अगडबंब शब्द असो, मी त्याला घाबरायचं सोडून दिलं. आज जालन्यात विमा कचेरीत लोक नेमके माझ्याच टेबलावर अर्ज घेऊन येतात, ते काही माझ्या गोड स्वभावामुळे नाही.

चुकीचा जोड मात्र सरांना सोसायचा नाही. कधी हात उचलला नाही त्यांनी, पण कोणी भलताच तुकडा लावला की जेवणाचा डबा तसाच टाकून “न्हाई, न्हाई” करत यायचे. आम्ही मधल्या सुट्टीत त्यांची नक्कल करायचो आणि एकदा तर ते दारात उभे राहून बघत होते. हसले आणि निघून गेले.

निवृत्त झाल्यावर सर आणि उमाकाकू जालन्यात मस्तगडला राहायला आले. मुलगा ऋषी पुण्याला असतो. यंदा जानेवारीत सरांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय महिनाभरात सावरले, वाचा गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, त्यांना ऐकू येतं, समजतं, पण शब्द सापडत नाहीत. रोज सराव घ्या, बोलणं परत येईल किंवा येणारही नाही. मला त्या डॉक्टरांचा भयंकर राग आला. त्यांची काही चूक नव्हती, पण राग कोणावर तरी काढायला हवा होता.

काकूंनी माळ्यावरून तुकड्यांची जुनी पिशवी काढली आणि कचेरी सुटली की मी रोज तिकडे जायला लागले. ‘वाद’ ठेवायचा, त्याच्याआधी ‘सं’ लावायचा, मोठ्यानं ‘संवाद’ म्हणायचं. सर बघायचे, मान हलवायचे आणि तोंड खिडकीकडे फिरवायचे. असे तीन आठवडे गेले. मग एका संध्याकाळी त्यांनी हातानं सगळे तुकडे सारून खाली पाडले. निघताना काकूंनी जिन्यात गाठून हळूच विचारलं, “यशश्री, खरं सांग, बोलतील ना गं हे?”

मी हो म्हणाले. माझा स्वतःचाच त्यावर विश्वास राहिला नव्हता.

पुढच्या रविवारी गेले तर काकू सरांसमोर जमिनीवर बसलेल्या, भोवती तुकड्यांचा पसारा, हातात चिकटपट्टी. काकू चौथीपर्यंत शिकलेल्या, सरांच्या वर्गात कधी बसलेल्या नाहीत. त्यांनी तुकडे उलटे करून छापील बाजू वर घेतली होती आणि एकेका लग्नाचे तुकडे हुडकून पत्रिका पुन्हा जोडायला घेतल्या होत्या. ही सर्जेरावांच्या दैवशालाची, ही मच्छिंद्रची, यांच्या जेवणात बुंदी होती, त्यांच्यात मांडव पडला होता, असं सरांना सांगणं चाललेलं. जोडलेली पत्रिका त्या वाचायला उभी धरायच्या. नवरा-नवरीची छापील नावं काकूंकडे, पाठीवरचं सरांचं अक्षर सरांकडे.

सरांच्या बाजूला ‘अनु’ला ‘जंतू’ चिकटला होता आणि ‘वाद’च्या आधी ‘उप’.

सर खुर्चीत पुढे सरकले. बोट त्या जोडाकडे वर आलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. काकू बुंदीतच रमल्या होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं.

“न्हाई,” सर म्हणाले. आवाज घोगरा, पण डबा टाकून यायचे तेव्हाचाच. “न्हाई, उमा.”

इतक्या वर्षांत सरांनी काकूंना हाक मारलेली मी ऐकली होती, ती नुसती “ऐकलं का” अशी. नाव आज पहिल्यांदा ऐकलं. काकूंच्या हातातली पत्रिका मांडीवर पडली, सरांचं अक्षर वर. त्यांनी त्या जोडाकडे बघितलं, मग सरांकडे, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मीही रडत होते, लपवायची गरज नव्हती.

मला वाटलं, आता त्या चुकीचे जोड सोडवून द्यायला मला सांगतील. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, कुंभार पिंपळगावच्या कुठल्याशा लग्नाचे दोन तुकडे उचलले आणि चिकटपट्टी माझ्यापुढे केली.

“यशश्री,” त्या म्हणाल्या, “आता बरोबर लावू नको गं बिलकुल.”

मी पिशवी पालथी केली आणि त्यांच्या शेजारी बसले.